लॉबीतल्या फुलांखालची हिरवी वीट

पंचतारांकित हॉटेलच्या बाथरूममध्ये एक छोटं कार्ड असतं. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर राहू द्या, पाणी वाचेल, पृथ्वी वाचेल वगैरे. त्या कार्डाशी माझं भांडण नाही. पण तिथून खाली लॉबीत या आणि ती माणूसभर उंचीची पांढरी फुलांची सजावट आहे ना, तिच्या बुडाशी बोट खुपसून बघा. ओला, भुसभुशीत, हिरवा फोम हाताला लागेल. तो प्लास्टिक आहे, आणि त्याच्याबद्दल कुठेही कार्ड नाही.

हॉटेलांना फुलं पुरवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे हे वाचून एकदोन गिऱ्हाइकं नाराज होतील. होऊ देत.

आम्ही त्याला ओएसिस म्हणतो. अमेरिकेत १९५४ साली निघालेलं हे ब्रँडनाव आता सगळ्याच फोमला चिकटलंय. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून ही वीट बनते. बादलीत सोडली की आपली आपण पाणी पिऊन खाली बसते, आणि काडी खुपसाल त्या कोनात उभी राहते. कारागिराला याहून सोयीचं काय हवं? पण एकदा वाळली की पुन्हा नीट पाणी धरत नाही, म्हणजे एका सजावटीत तिचा कचरा. वितळवून दुसरं काही करता येत नाही. कापताना उडणारा चुरा आणि बादलीतलं हिरवट पाणी सरळ मोरीत जातं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले जीव हे कण खातात, आणि कणांतून झिरपणारी रसायनंही त्यांना बाधतात. चेल्सी फ्लॉवर शो भरवणाऱ्या ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केला. तिथे जमतं आणि आपल्या बँक्वेट हॉलमधल्या टेबलावरच्या वीतभर सेंटरपीसला जमत नाही, हे मला पटत नाही.

फोमशिवाय काम होतं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी चुरगाळून भांड्यात बसवली की काड्या छान उभ्या राहतात. इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना करणाऱ्यांचा केन्झान, म्हणजे खिळ्यांची जड चकती, वर्षानुवर्षं टिकतो. पाण्यात फुलं सोडायची आपली पसरट उरळी तर आहेच. पॅरिसच्या जॉर्ज पाचवे हॉटेलची लॉबी फुलांसाठी जगभर ओळखली जाते. तिथे जेफ लेथम या पुष्परचनाकाराने जी शैली रुजवली तिची खूण म्हणजे उंच पारदर्शक काचपात्रं आणि त्यांत तिरक्या झुकलेल्या काड्या. पारदर्शक काचेत फोम लपवणार कुठे? (फुलं किती आणि कुठून येतात, हा त्या लॉबीबद्दलचा वेगळा प्रश्न. तिथे काटकसर कुणी शोधू नये.)

मग आपल्याकडे होत का नाही? कारण करारातच गोम आहे. महिन्याचं ठोक काम, सर्वांत कमी भाव भरेल त्याला. लॉबीची सजावट आठवड्यातून दोनदा बदलायची. रंग बारा महिने पांढरा आणि हिरवा, उंची ठरलेली, एक पाकळी गळलेली दिसता कामा नये. पर्चेसवाल्यांना हा 'ब्रँड लुक' वाटतो. ऑगस्टमध्ये बाजारात काय आलंय याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. मग थायलंडचं ऑर्किड मागवा आणि मंगळवारी लावलेली धडधाकट फुलं शुक्रवारी टाकून द्या. एका रात्रीत अख्ख्या बँक्वेटची टेबलं उरकायची असतील तर माझी पोरं फोमच वापरणार. जाळीला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे त्या भावात बसत नाहीत.

फेकलेल्या फुलांचं पुढे काय होतं तेही सांगते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या हॉटेलांवर ओल्या कचऱ्याची जबाबदारी टाकली, बऱ्याच ठिकाणी बेसमेंटमध्ये खताचं मशीनही आलं. पण फोमचे तुकडे चिकटलेल्या, तारेने आवळलेल्या, टेप गुंडाळलेल्या काड्या त्यात घालणार कोण? पहाटे चारला ते सोडवत बसायला माणूस नसतो. सगळं एकाच काळ्या पिशवीत जातं.

'लोकल तेवढं चांगलं' हा मंत्रही मी डोळे मिटून म्हणत नाही. ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २००७ मध्ये हिशेब मांडला होता: १२,००० गुलाबांमागे केनियात सुमारे ६,००० किलो कार्बन डायऑक्साइड, ब्रिटनपर्यंतचा विमानप्रवास धरून, आणि हॉलंडमध्ये सुमारे ३५,००० किलो. थंड देशात काचघर तापवावं लागतं, म्हणून. आपल्याला मावळात हीटर लावायला लागत नाही. तळेगावचा गुलाब व्हॅलेंटाइनला परदेशी जातो आणि पुण्याच्या गुलटेकडी बाजारात डच म्हणतात ते इथलेच गुलाब, जरबेरा, कार्नेशनच्या गड्ड्या रोज उतरतात. पावसात तेरडा, मग सोनटक्का, थंडीत शेवंती आणि ॲस्टर, उन्हाळ्यात मोगरा, गुलछडीची काडी तर जवळपास वर्षभर. एवढं दाराशी असताना एकाच रंगाचा हट्ट कशाला?

आणि कृपा करून प्लास्टिकची फुलं हा पर्याय सांगू नका. 'पुन्हापुन्हा वापरता येतात, म्हणजे सस्टेनेबल' असं मला मीटिंगमध्ये तोंडावर ऐकवलं गेलंय. त्यांवर धूळ बसते, रंग उडतो, मग तीही कचऱ्यात. झेंडूचा भाव पडून शेतकरी माल रस्त्यावर ओततो तेव्हा आपण पॉलिस्टरच्या माळा टांगायच्या? २०२५ मध्ये विधानसभेतही कृत्रिम फुलांवरच्या बंदीचा विषय निघाला, तो उगाच नाही.

नवा करार करताना मी आता दोन गोष्टी लिहून मागते. फोम नाही, आणि रंगाऐवजी ऋतू ठरवा. भाव थोडा चढतो, कारण मजुरी वाढते. काही हॉटेलं तिथेच फोन ठेवतात. एका हॉटेलच्या जनरल मॅनेजरने मात्र विचारलं, "मॅडम, तेरडा पाहुण्यांना शोभेल का?" मी म्हटलं, गौरीला शोभतो. त्यांनी लॉबी नाही दिली, कॉफी शॉपची टेबलं दिली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरचं लग्न येत्या सीझनला हॉटेलात असेल तर डेकोरेटरला दोनच प्रश्न विचारा. फोम वापरणार का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं कुठे जाणार? मात्र कोटेशनवर सही करायच्या आधी विचारा. ॲडव्हान्स गेल्यावर कुणी ऐकत नाही, हे मी धंद्यात बसूनच सांगतेय.