सामायिक कुरणाची गोष्ट हा पुरावा नव्हे

‘माणूस मुळातच स्वार्थी : विज्ञानाने सिद्ध केलेली पाच सत्यं’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने तो निबंधात जसाच्या तसा उतरवायला घेतला, तेव्हा हे लिहिणं भाग पडलं. त्यातले मुद्दे असे : सामायिक कुरण नेहमी उजाड होतं, न्यूयॉर्कमध्ये ३८ जणांनी खून नुसता बघितला, स्टॅनफर्डच्या नकली तुरुंगात साधी मुलं सहा दिवसांत क्रूर झाली, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने स्वार्थालाच समाजाचा पाया मानलं, आणि ‘कैद्यांचा पेच’ दगा देणंच शहाणपणाचं ठरवतो. निष्कर्ष काय, तर सामायिक काही ठेवूच नका. खासगी मालकी करा, नाहीतर वरून दंडुका आणा.

कुरणाचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान त्याने केलं आहे. लोकांच्या हातातली जंगलं, पाणी, चराऊ जमिनी काढून घेताना हाच युक्तिवाद पुढे केला जातो.

मूळ लेख ‘सामायिक साधनांची शोकांतिका’, जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनचा, १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलेला. गुराख्याने एक जनावर वाढवलं तर फायदा सगळा त्याचा आणि जादा चराईचा तोटा मात्र सगळ्यांत वाटला जाणार. म्हणून जो तो जनावरं वाढवत जातो आणि कुरण संपतं. हे कुरण डोळ्यांसमोर आणायला सांगितलेलं आहे, कोणी जाऊन मोजलेलं नाही. त्यातले गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, कोणाची जनावरं किती हे विचारत नाहीत, कोणाला अडवत नाहीत. अशा जमिनीला सामायिक म्हणायचं तर बेवारस कशाला म्हणायचं? मुळात हार्डिनला बोलायचं होतं लोकसंख्येबद्दल, मुलं होऊ देण्याचं स्वातंत्र्य आवरण्याबद्दल. १९९४ मध्ये त्याने स्वतःच शोकांतिका ‘व्यवस्थापन नसलेल्या’ सामायिक साधनांची असते, अशी दुरुस्ती नव्या लेखाच्या शीर्षकातच केली. फिरणाऱ्या मजकुरात ती कधीच नसते.

आता खरी कुरणं बघू. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉमने जगभरातली अशी उदाहरणं गोळा करून १९९० साली ग्रंथ लिहिला. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधलं तोर्बेल हे डोंगराळ गाव आहे. तिथला १५१७ चा नियम सांगतो : हिवाळाभर जेवढ्या गाई स्वतः पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर पाठवा. नियम किती नेमका आहे बघा. हिवाळ्यातला चारा प्रत्येकाच्या स्वतःच्या जमिनीतून येतो, म्हणजे मर्यादा आपोआप ठरते आणि शेजाऱ्यांना दिसते. जादा गाई पाठवणाऱ्याला दंड, आणि दंडातला अर्धा वाटा तो वसूल करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला. म्हणजे लक्ष ठेवण्यात त्याचाही फायदा.

तुर्कस्तानातल्या अलान्याच्या मच्छिमारांनी दुसरी युक्ती काढली. जाळी टाकायच्या सगळ्या जागांना नावं देऊन त्यांची यादी केली. एका जागेवरच्या जाळ्याने शेजारच्या जागेचा मासा अडू नये इतकं अंतर ठेवलं. सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात. मग जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेकडे सरकतो, त्यानंतर मेपर्यंत पश्चिमेकडे, कारण मासळीच्या स्थलांतराची दिशा बदलते. चांगली जागा प्रत्येकाला कधी ना कधी मिळते. कोणी पाळी मोडून चांगल्या जागेवर आलाच, तर त्या दिवशी ज्याची तिथे पाळी आहे तोच भांडायला उभा राहतो. वेगळा पहारेकरी लागत नाही.

हार्डिनच्या म्हणण्यातही अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. त्याच देशात इझमीर आणि बोद्रुमच्या मासेमारीत असे नियम टिकले नाहीत, आणि ते अपयशही ऑस्ट्रॉमनेच नोंदवलं आहे. हक्क कोणाचा हे ठरलेलं नसेल, नवे गट येतच राहिले, नियम वापरणाऱ्यांनी केलेले नसतील, पहिल्या चुकीला सौम्य आणि पुढच्या चुकीला कडक शिक्षा अशी चढती शिस्त नसेल, भांडण मिटवायला जवळची आणि स्वस्त जागा नसेल, किंवा सरकारच गावाचे नियम मोडीत काढत असेल, तर कुरण उजाड होतं. दोष व्यवस्थेत सापडतो आणि तिथेच दुरुस्त करता येतो. ‘माणूसच असा’ म्हटलं की ती दुरुस्ती करायला कोणी जातच नाही.

न्यूयॉर्कची घटना मार्च १९६४ ची, किटी जेनोवीजच्या खुनाची. ३८ साक्षीदारांचा आकडा वर्तमानपत्राने पसरवला. त्याच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१६ मध्ये ती बातमी सदोष होती असं मान्य केलं. हल्ले दोन झाले. दुसरा इमारतीच्या आत झाला, तो बहुतेकांना दिसणंच शक्य नव्हतं. आणि एक शेजारीण धावत आली, तिने किटीला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण नंतर संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ प्रसंगांत बघणाऱ्यांपैकी किमान एक जण मध्ये पडला होता.

स्टॅनफर्डबद्दल थोडक्यात. १९७१ च्या त्या प्रयोगात पहारेकऱ्यांना ‘कडक वागा’ असं प्रयोग चालवणाऱ्यांकडूनच सांगितलं जात होतं, त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. सांगून करवलेल्या वागण्याला स्वभाव म्हणत नाहीत. मजकुरासोबत जोडलेलं चित्र तर २००१ च्या जर्मन चित्रपटातलं आहे. चित्रपटात माणसं मरतात, प्रयोगात कोणीही मेलं नाही.

आपल्याला जेवण मिळतं ते खाटिक आणि पाववाल्याच्या दयेमुळे नव्हे, त्यांच्या स्वतःच्या फायद्यामुळे, हे स्मिथचं वाक्य १७७६ च्या ग्रंथातलं, आणि ते देवाणघेवाणीबद्दल आहे. त्याआधी १७५९ मध्ये त्याने सहानुभूतीवर अख्खा ग्रंथ लिहिला. माणूस कितीही स्वार्थी मानला तरी दुसऱ्याच्या सुखाची आस त्याच्या स्वभावातच असते, या विचारानेच तो सुरू होतो.

उरला कैद्यांचा पेच. दोन कैद्यांना वेगवेगळं ठेवून विचारतात : साथीदाराविरुद्ध बोलणार की गप्प राहणार? दुसरा काहीही करो, बोलणाऱ्याची शिक्षा कमी होते. पण दोघेही बोलले, तर दोघेही गप्प राहिले असते त्यापेक्षा जास्त शिक्षा होते. एकदाच खेळायचं, परत कधी भेटायचं नाही, किंवा शेवटचा डाव कोणता हे आधीच ठाऊक आहे, अशी अट घातली तरच गणित दग्याच्या बाजूने झुकतं. हा खेळ १९५० मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत पहिल्यांदा दोन माणसांमध्ये प्रत्यक्ष खेळवला गेला, तोही सलग १०० डाव. खेळणारे दोघेही गणित जाणणारे होते. त्यातल्या ६० डावांत दोघांनीही एकमेकांना साथ दिली.