तीन बायका, तीन गिटारी

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ टाकला. खाली हसून हसून रडणारे चार चेहरे. व्हिडिओत साठी उलटलेल्या तीन बायका, हुबेहूब एकीसारखी दुसरी. पिवळेधमक फुगवलेले केस, तोकडे स्कर्ट, उंच बूट, गळ्यात गिटार. आणि गातायत काय, तर ‘वॉक लाइक ॲन इजिप्शियन’ हे तेव्हाचं गाजलेलं पॉप गाणं! वहिनीने लगेच लिहिलं, ‘‘या वयात हे काय गं?’’ मी तोवर तिसऱ्यांदा बघत होते.

या डेल रुबिओ ट्रिप्लेट्स. ईडी, एलेना, मिली. १९२१ साली जन्मलेल्या तिळ्या बहिणी. खरं आडनाव बॉइड. ‘रुबिओ’ म्हणजे स्पॅनिशमध्ये सोनेरी केसांचा, तेव्हा नावातही केसच! आयुष्यभर क्लबांमधून गायल्या, पण अमेरिकेला त्यांची ओळख झाली ती १९८० च्या दशकात. ॲली विलिस नावाच्या गीतकार बाईंनी त्यांना उचलून धरलं (‘फ्रेंड्स’च्या शीर्षकगीतात यांचाही हात आहे). मग १९८८ मध्ये पी-वी हर्मन या टीव्हीवरच्या विनोदी पात्राचा ख्रिसमसचा कार्यक्रम, ‘गोल्डन गर्ल्स’ मालिका, असं बरंच काही.

‘‘बिचाऱ्या, लोक हसतायत ते कळत नाही त्यांना,’’ असं एकाने ग्रुपवर लिहिलं. इथे माझं डोकं फिरलं. अहो, चाळीसेक वर्षं स्टेजवर काढलेल्या बाईला लोक कशाला हसतायत हे कळत नाही? आचरटपणा आहेच तो, पण बेतून केलेला. गंमत अशी की तिघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर ‘बघा हं, आम्ही मस्करी करतोय’ असा भाव नाही. पोरासोरांचं रॉक गाणं त्या इतक्या गंभीरपणे, एका सुरात म्हणतात की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. तीन हात एकदम तारांवर पडतात. ते काय रियाजाशिवाय होतं?

आणि टीव्हीवर झळकण्याआधीपासून त्या वृद्धाश्रमांमधून गायच्या. याच अवतारात. समोर व्हीलचेअरवर त्यांच्याच पिढीची माणसं. तिथे त्या स्कर्टला कोणी कसं हसलं असेल? मला वाटतं, निराळंच हसू असणार ते.

आता आमचं सांगते. गेल्या गणपतीत मला आणि ताईला सोसायटीच्या कार्यक्रमात एक झकास कॅबरे गाणं करायचं होतं. मी एकसष्ट, ताई चौसष्ट. ‘‘काकू, तुम्ही भावगीत घ्या ना, शोभेल,’’ असं फार गोड शब्दांत सांगण्यात आलं. आम्ही मुकाट भावगीत म्हटलं. टाळ्या पडल्या, बालवाडीतल्या पोरांना पडतात तशा. भजनी मंडळाशी माझं भांडण नाही, मीही दर गुरुवारी टाळ कुटते. पण साठीनंतर बाईच्या गळ्याला तेवढंच अंगण?

१९९६ मध्ये ईडी गेली आणि तिघींचा कार्यक्रम तिथेच थांबला. दोघींनी पुढे ओढला नाही. सगळ्यात शेवटी, २०११ मध्ये, मिली गेली.

हे सगळं मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. कोणी काही बोललं नाही. रात्री अकराला ताईचा वेगळा मेसेज आला, ‘‘स्कर्ट जमायचा नाही. गॉगल आहेत माझ्याकडे. तिसरी कोण?’’

वहिनीला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.