आप्पांची कामं

महिन्यातून एकदा पुण्याहून कोल्हापूरला जाते. स्टँडवर उतरले की जीभ आपोआप वळते, 'आलो, जातो' सुरू होतं. (आमच्याकडच्या पोरी तशाच बोलतात, हसू नका.) पर्समध्ये आप्पांच्या कामांची यादी असते. लाइटबिल, घरफाळा, बीपीच्या गोळ्या, पासबुक भरून आणणं, दळण.

सुरुवातीला मी लई शहाणपणा केला. आप्पांचा चहा संपायच्या आत मोबाईलवर बिल भरलं, घरफाळा भरला, गोळ्या घरपोच मागवल्या. "झालं सगळं," म्हटलं. आप्पा गप्प. मग म्हणाले, "आता मी दिवसभर काय करू?"

मला वाटलं, चेष्टा करतायत.

मग आला हयातीचा दाखला. आप्पांनी उद्यमनगरात ३४ वर्षं लेथ चालवला, ऑइल इंजिनचे पार्ट काढले. पेन्शन ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या १९९५च्या योजनेची. तिची किमान रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरली, म्हणजे किती मोठं घबाड असेल ते समजून घ्या. त्यासाठी वर्षातनं एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवायचं.

बँकेत मशीनवर आप्पांनी अंगठा ठेवला. नाही. डावा ठेवला. नाही. मग एकेक बोट. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, हात धुऊन या." धुतले, रुमालानं पुसले, तरी नाही. लेथवर काढलेल्या पार्टवर नुसतं बोट फिरवून केसभर फरक सांगणारा हा माणूस, आणि त्याच्या बोटाला आता रेघच उरलेली नाही. लोखंडानं आणि कूलंटनं सगळ्या घासून नेल्या. "उद्या बघूया," असं ऐकून मी तिथंच भांडायला उभी राहिले. चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे, मग म्हाताऱ्यांना हेलपाटे का? मोबाईल काढला, बाकड्यावरच ॲप उघडलं. पापण्या मिटा-उघडा, असं स्क्रीनवर आलं.

"डोळा मारायचा काय?" आप्पा म्हणाले.

अख्खी रांग हसली. तिसऱ्या खेपेला जमलं. मी विजयी मुद्रेनं वळले, तर आप्पा शेजारच्या आजोबांच्या हातात हात देऊन बसलेले. ते फौंड्रीत मोल्डर होते, त्यांचाही अंगठा उठत नव्हता. पलीकडचे फिटर. एकमेकांचे तळवे बघत होते, कुठल्या कारखान्यात काय झिजलं ते सांगत होते. "आमचं अंगठं तिकडंच ऱ्हायलं बघ," मोल्डर आजोबा म्हणाले. आम्ही तिथून सव्वा तासानं निघालो. काम दहा मिनिटांपूर्वीच झालं होतं, असं आप्पांचं म्हणणं.

जिना चढवत नाही त्याला दाखला घरीच मिळायला हवा, त्यावर वादच नाही. मशीनचा रागही माझा गेलेला नाही. पण ज्याचे पाय चालतात त्याची सगळी कामं आपण फोनवर उरकून टाकतो आणि त्याला 'सोय' म्हणतो, ती सोय मुख्यतः आपली असते. माझी तरी होती. चारच्या गाडीनं परत जायचं असायचं ना.

आता यादी आप्पा करतात. बिल रोखीनं, रांगेत उभं राहून. दळण टाकायला एकदा, आणायला परत एकदा. चपलेचा अंगठा शिवायला मोची ठरलेला, तो नसला की उद्या परत. मी पिशवी धरून मागं. रस्ता ओलांडताना माझा हात धरत नाहीत, पिशवीचा दुसरा बंद धरतात.

गेल्या खेपेला घरफाळा भरायचा होता. वाटेत गंगावेशीत धारेचं दूध प्यायला थांबलो. म्हशीची धार ग्लासात पडेपर्यंत आप्पांनी गवळीमामांकडून सरकीपेंडेचा भाव विचारून घेतला, वर भाव वाढल्याबद्दल त्यांनाच दोन शब्द सुनावले. फेसाची मिशी पुसत घड्याळ बघितलं.

"ऑफिस बंद झालं असंल की आता," म्हणाले. "ऱ्हा की उद्याच्या दिवस."

साडेतीनच वाजले होते. मी राहिले.