कर नाही त्याला डर कशाला, हे पोलिसांनाही लागू आहे

आज सकाळी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एका गृहस्थांनी लिहिले की, पोलिसांनी गाडी अडवल्यावर चित्रीकरणासाठी फोन पुढे धरणे हा शुद्ध उद्धटपणा आहे. कर नाही त्याला डर कशाला? त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. वाचून इतका संताप आला की दोन ओळींत उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून इथे लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी मी ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याच्या गाडीतून ट्रेंटनहून परत येत होते. मागे निळे-लाल दिवे लागताच त्याने गाडी कडेला घेतली, आतला दिवा लावला, काचा खाली केल्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मला म्हणाला, "रेकॉर्डिंग सुरू कर, पण तुझे हात त्याला दिसू देत." रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे कागद त्याने सनव्हायझरला क्लिपने लावलेले होते, कारण ग्लोव्ह बॉक्सकडे हात नेण्याची त्याला भीती वाटते. लेन बदलताना सिग्नल दिला नाही, असे पोलिसाने सांगितले आणि मग गाडीत काय आहे, कुठून आलात, ही बाई कोण, असे विचारत राहिला. दंडाचे तिकीट दिलेच नाही. मला स्वतःला वेगासाठी अडवले होते तेव्हा मी खुशाल ग्लोव्ह बॉक्स उपसत बसले होते आणि पोलीस बाहेर हसतमुखाने थांबला होता.

आपण रोज ज्या न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गावरून जातो, त्याच रस्त्यावर एप्रिल 1998 मध्ये राज्य पोलिसांच्या दोन ट्रूपरनी (गस्तीवरच्या पोलिसांनी) एका व्हॅनवर 11 गोळ्या झाडल्या. आत बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेले चार निःशस्त्र तरुण होते, तीन कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो. त्यांतले तिघे जखमी झाले. याच ट्रूपरवर पुढे, अडवलेल्या चालकांच्या वर्णाच्या खोट्या नोंदी केल्याचा आरोपही ठेवला गेला. 1999 मध्ये केंद्रीय न्याय खात्याशी करार होऊन प्रत्येक थांब्याची, म्हणजे गाडी अडवल्याची, नोंद, गाडीतले कॅमेरे आणि स्वतंत्र निरीक्षक आले, आणि ती देखरेख 2009 पर्यंत चालली. हे सगळे आपल्या दारात घडले आहे, आणि तरीही आपली माणसे विचारतात की रेकॉर्डिंग कशाला!

माझ्या सहकाऱ्याला त्या रात्री वर्णामुळेच अडवले, हे मी माझ्या फोनमधल्या चित्रफितीवरून सिद्ध करू शकत नाही. एका थांब्यात वर्णभेद दिसत नाही. तो दिसतो शेकडो थांबे शेजारी शेजारी मांडल्यावर, म्हणजे कोणाला अडवले, कारण काय सांगितले, झडती कोणाची घेतली आणि तीत काही सापडले का, हे ताडून पाहिल्यावर. निव्वळ कागदावरच्या नोंदी खोट्या करता येतात, हे ट्रूपरवरच्या त्या आरोपानेच दाखवले आहे. म्हणून नोंद आणि चित्रीकरण दोन्ही हवे, आणि ते तपासणारा माणूस पोलीस खात्याबाहेरचा हवा.

रात्री अनोळखी गाडीच्या काचेशी जाणाऱ्या पोलिसाच्याही पोटात गोळा येत असेल, हे मला मान्य आहे. कॅमेरा असला म्हणजे न्याय मिळतोच असे नाही, हेही मान्य करावे लागते. 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावी, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेल्या आणि पायी फिरणाऱ्या आजोबांना पोलिसाने जमिनीवर आपटले. ते पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात दिसत होते, तरी दोनदा खटला चालून दोन्ही वेळा ज्यूरीचे (निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे) एकमत झाले नाही आणि अखेर न्यायाधीशांनी त्या पोलिसाला दोषमुक्त केले. पण ते चित्रीकरण नसते तर आजोबांनीच झटापट केली, एवढेच आपल्यापर्यंत पोहोचले असते. ते आजोबा आपल्यापैकी कोणाचेही वडील असू शकले असते, आणि हे लिहिताना मला राग येण्याऐवजी रडू येते आहे.

गटातल्या गृहस्थांना एवढेच सांगते की, सार्वजनिक ठिकाणी काम करणाऱ्या पोलिसांचे चित्रीकरण हा नागरिकाचा हक्क आहे, असे न्यू जर्सी ज्याच्या अखत्यारीत येते त्या फेडरल अपील न्यायालयाने 2017 मध्येच सांगितले आहे. हा उद्धटपणा नव्हे. आणि 2021 पासून आपल्या राज्यात गणवेशातल्या बहुतेक पोलिसांच्या अंगावर कॅमेरा सक्तीचा आहे, पण आपल्या गावातले ते चित्रीकरण नियमितपणे कोण पाहते, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे का? आपल्या गावचा कारभार पाहणाऱ्या टाउनशिप कौन्सिलच्या पुढच्या सभेत मी हाच प्रश्न विचारणार आहे. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी खाली लिहावे.