पट्टा पडल्यावर

लग्नाकार्यात कुणी भेटलं की ठरलेला प्रश्न. "सध्या काय करतेस?" एका संस्थेत आहे, शाळेतल्या मुलांबरोबर काम करते. "म्हणजे, पगार मिळतो ना?" मिळतो हो, पीएफ कापून मिळतो. "पुण्याचं काम आहे गं" हे वाक्य तर मला आता ऐकवत नाही. इंटरव्ह्यूत ते कानावर पडलं की पुढचा आकडा छोटा असणार, हे मी ओळखून असते.

असो. पगाराचं रडगाणं परत कधीतरी. आज दुसऱ्या आकड्यांबद्दल लिहायचंय.

आम्ही बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत तिसरी ते पाचवीच्या वाचनावर काम करतो. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं एकेक वाचायला द्यायचं आणि पोरगं जिथे अडेल तिथून धरायचं. 2005 पासून 'असर'च्या, म्हणजे गावोगावी मुलांचं शिकणं तपासणाऱ्या पाहणीत असंच तपासतात. आमची बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची चाचणी जुलैत, एंडलाइन, म्हणजे शेवटची मार्चमध्ये. मार्चच का? 2013च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर घालायला लावले, आमचा बराच पैसा तिथून येतो. त्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं, रिपोर्ट त्याच्या आत हवा.

आमच्या गावांचं वर्ष मात्र साखर कारखान्याच्या पट्ट्यावर, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामावर चालतं. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. पटावर 31 पोरं, वर्गात 17. हंगामी वसतिगृह आहे, आजीजवळ राहिलं तर जेवण मिळतं. पण तिकडे कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीत, तान्ह्या भावाला कोण सांभाळणार? नऊ वर्षांची बहीण जातेच.

मग मार्चमध्ये चाचणी कुणाची होते? मागे राहिलेल्यांची.

पहिल्या वर्षी आमच्याकडे गोष्ट वाचणारी मुलं 22 टक्क्यांवरून 54 वर गेली. ऑफिसात केक कापला. रात्री जुलैची आणि मार्चची यादी एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी लावली, तर जुलैत अक्षरांवर अडलेली निम्मी नावं मार्चच्या यादीत नव्हतीच. ती उसाच्या फडावर होती. काही पोरं खरंच शिकली होती, नाही असं नाही. पण 54 खोटा होता, आणि मी गप्प बसले. पुढच्या वर्षाचं फंडिंग त्या रिपोर्टवर अडलं होतं, त्यात माझा पगारही होता.

दुसऱ्या वर्षी एक रकाना वाढवला: 'स्थलांतरित, चाचणी नाही'. कंपनीकडून फोन आला, "मॅडम, हे ग्राफमध्ये बसत नाहीये." बाई वाईट नव्हत्या, त्यांनाही वर कुणाला तरी दाखवायचं होतं. बरीच घासाघीस झाली आणि रकाना शेवटी तळटीप होऊन राहिला. बारीक टाइपात.

या एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, पोरं परतली. एका वस्तीवर चौथीतल्या मुलीपुढे अक्षरांचा कागद धरला. उन्हानं गाल काळवंडलेले, बोटांवर पाचटानं कापल्याच्या रेघा. बराच वेळ बघत राहिली. मग 'क'वर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो कारखान्यातला." ट्रॉल्यांवर पाहिला होता म्हणे. 'र' पण ओळखला. 'ख'ला अडली.

मी वहीत लिहिलं: स्तर, अक्षर. तारीख, 19 एप्रिल. रिपोर्ट जाऊन तीन आठवडे झाले होते.