शांत पोरं खेळात मागे पडतात? नाही हो भिया

इंदूरच्या रामबागेतल्या आपल्या ग्रुपवर परवापासून फिरतंय की बिनधास्त, रिस्क घेणाऱ्या पोरांनाच खेळात टाका, शांत मुलांचं ते काम नाही. अर्धवट आहे हे. थ्रिल शोधायचा स्वभाव मोजायची प्रश्नावली मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने 1964 साली आणली, पण त्यातून फार तर एवढं कळतं की कोण पॅराग्लायडिंगसारख्या खेळाकडे ओढला जाईल, तो चांगला खेळेल का हे नाही. परफॉर्मन्सशी जास्त जुळते ती शिस्त नि थंड डोकं, तेही थोडंफारच. आणि इंदूरातच जन्मलेला द्रविड विसरले वाटतं! टेस्टमध्ये 31,258 बॉल खेळलाय तो, ऑफस्टंपबाहेरचे सोडत सोडत. हां, त्याच टीममध्ये सेहवागही होता, पहिल्या बॉलपासून ठोकणारा.