मरिया हॅल्पिनला ‘तसली बाई’ म्हणण्याआधी

घरच्या ग्रुपवर मामींनी एक फॉरवर्ड टाकला आणि भाचीने तोच वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला घेतला, म्हणून हा खटाटोप. गोष्ट १८८४ ची. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना लग्नाशिवाय मूल असल्याचं वर्तमानपत्रात आलं. फॉरवर्ड म्हणतो: मुलाची आई मरिया हॅल्पिन ‘चालू’ होती, दारुडी होती, पोराचा बाप कोण हे तिलाच ठाऊक नव्हतं; बाकीचे मित्र संसारी, म्हणून या सडाफटिंग सज्जनाने आळ अंगावर घेतला आणि कार्यकर्त्यांना तार केली, ‘खरं तेच सांगा’.

तार खरी आहे, मान्य. पण खरं काय ते मरियाला कुणी विचारलं?

ती विधवा होती, बफेलो शहरात दुकानात नोकरी करायची. ऑक्टोबर १८८४ मध्ये तिने केलेलं प्रतिज्ञापत्र छापून आलं. त्यात ती म्हणते की क्लीव्हलंडने तिच्यावर जबरदस्ती केली, तिच्या संमतीशिवाय. आणि बापाबद्दल कधीच शंका नव्हती. क्लीव्हलंडचा मित्र ऑस्कर फोल्सम याचं किंवा आणखी कुणाचं नाव बाप म्हणून मुलाशी जोडणं हा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, धादांत खोटेपणा आहे. शपथेवरचं हे बोलणं फॉरवर्डमध्ये औषधालाही नाही. हो, ते निवडणुकीच्या ऐन धामधुमीत आलं आणि विरोधकांनी ते उचलून धरलं. पण तिला ‘चालू’ ठरवणारे तरी कोण तटस्थ होते? सगळी क्लीव्हलंडची माणसं!

मुलाच्या नावात ‘ऑस्कर फोल्सम’ आहे, हा म्हणे फोल्समच बाप असल्याचा पुरावा. हा जिवलग मित्र १८७५ मध्येच घोडागाडीच्या अपघातात गेलेला. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही, एवढीच सोय. (त्याच्याच मुलीशी क्लीव्हलंडने १८८६ मध्ये व्हाइट हाउसात लग्न केलं. नवरा ४९ चा, नवरी २१ ची.)

आता फॉरवर्डने गिळलेला भाग. मूल अनाथाश्रमात गेलं आणि १८७६ मध्ये मरियाला उचलून वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. ना कोर्टाचा हुकूम, ना कसला कागद. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, ही वेडी नाही. थोड्याच दिवसांत ती सुटली. ती प्यायची असं तेव्हाही बोललं जायचं. समजा, प्यायची. पोटचं पोर काढून घ्यायला आणि शहाण्या बाईला वेड्यांत कोंडायला एवढं पुरतं? मूल पुढे दुसऱ्यांच्या घरी वाढलं, दुसऱ्या नावाने.

‘थोर धर्मगुरूंनी पाठिंबा दिला’ असंही एक वाक्य आहे. ते थोर म्हणजे हेन्री वॉर्ड बीचर. परस्त्रीगमनाच्या आरोपावरून १८७५ मध्ये त्यांच्यावरच खटला चालला होता आणि ज्यूरीचं एकमत झालं नव्हतं. साक्षीदार बरा शोधलाय.

भाचीला दुसरा विषय सुचवलाय. मामींनी फॉरवर्ड अजून काढलेला नाही.